लहान विमानांच्या लहान दुरुस्त्या

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, ही हकीकत शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. त्यांचे विमान द हॅविलंड कंपनीचे ‘पस मॉथ’ होते, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच दोन-तीन वर्षांत या जातीची कित्येक विमाने जगात ठिकठिकाणी हवेतच पंख मोडून कोसळली होती आणि त्यांत माणसे दगावली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. इंग्लंडात त्याची कसून चौकशी झाली. वादळी हवेत वेग वाढला म्हणजे पंखांना एक कंप सुटे, आणि पंखाला खालून तोलून धरणारी तिरकी दांडी त्या कंपापुढे टिकत नसे, असे निघाले. त्यावर उपाय काय केला? त्या दांडीला मध्येच आधार देणारी आणखी एक बारीक दांडी बसवली. सबंध विमान तेच, यंत्र तेच, पंखही तेच. भर पडली ती एका दांडीची.

श्रोतेहो, आमचा आजचा विषय असल्या दांड्यांचा आहे. मोठाल्या शोधांचा नाही. विमान एकदा उडाले, त्याला हार घातले, छायाचित्रे निघाली, त्यानंतर जे काम सुरू होते त्याचा हा इतिहास आहे. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या मुलाला हे काम नेमके कळते. पतंग एका अंगाला झुकू लागला की तो खाली उतरवून मुलगा दुसऱ्या अंगाला चिंधी बांधतो, पुन्हा सोडतो, पुन्हा पाहतो. चिंधी फार झाली तर थोडी फाडतो. विमानाच्या बाबतीत एवढाच फरक की, चिंधी बरोबर बसली की नाही हे पाहायला माणसाला पतंगावर बसून वर जावे लागते.

आम्ही कामगार चळवळीतले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयांतून आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. तेव्हा विमानविद्येवर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारल्यास आमच्याजवळ प्रमाणपत्र नाही. मात्र यंत्रात केलेला लहानसा बदल कोणाच्या जिवावर बेततो, या प्रश्नाशी आमचा रोजचा संबंध आहे. शिवाय पैसा फंडाच्या गावाला लहान गोष्टींचे महत्त्व बाहेरच्याने येऊन सांगावे असे नाही. अंताजी दामोदर काळ्यांच्या कल्पनेतून माणशी एकेक पैसा गोळा झाला, लोकमान्यांनी ती चळवळ उचलून धरली आणि १९०८ साली या तळेगावात काच कारखाना उभा राहिला. काचेच्या भट्टीपाशी काम केलेल्यांना विचारा. मिश्रणात चिमूटभर फरक झाला तर सबंध घाण वाया जातो.

आणखी एक गोष्ट आधीच उरकून घेतो, कारण असल्या व्याख्यानानंतर पहिला प्रश्न तोच येतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, असे सांगतात. तळपदे हे खटपटी, अभ्यासू गृहस्थ होते यात शंका नाही. पण ते विमान उडाल्याचा आम्हांला मानावासा वाटेल असा पुरावा अजून पुढे आलेला नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा या संदर्भात हवाला देतात, त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली दिला आहे. आमचे दुःख वेगळेच आहे. न उडालेल्या विमानाची कथा घरोघर पोचली. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेडेगावच्या मुलाने खरोखर उडवून दाखवलेली विमाने मात्र आम्ही विसरलो.

त्या मुलाचे नाव विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८ चा, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचा. पुण्या-मुंबईस शिक्षण आटोपून ते जर्मनीत गटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. हे प्रांटल कोण, हे थोडे सांगितले पाहिजे, म्हणजे पुढची साखळी जुळेल.

विमानाचा पंख हवेत टिकतो तो त्याच्या पाठीवरून हवा चिकटून वाहते म्हणून. पृष्ठभागालगतचा हवेचा जो पातळ थर असतो, त्याचा विचार १९०४ साली प्रांटल यांनी मांडला. विमानाचे नाक वैमानिकाने फार वर उचलले, वेग मंदावला, म्हणजे हा थर पंखाला सोडतो, पाठीवर भोवरे उठतात आणि पंखाचे बळ एकाएकी जाते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणे निराळे; येथे इंजिन व्यवस्थित चालू असते आणि पंख मात्र थकलेला असतो. दोन्ही पंख एकदम थकले तर विमान नाक खाली घालून सावरते. एक पंख आधी थकला तर ते त्या अंगाला कलंडून गिरक्या घेत खाली येऊ लागते. उंची असेल आणि विमान गुणी असेल तर वैमानिक गिरकीतून सुटतो. नसेल तर नाही.

गुस्ताव लाखमान नावाचा एक तरुण जर्मन सैनिक १९१७ साली विमान शिकताना असाच स्टॉल होऊन कोसळला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने विचार केला की, पंखाच्या पुढच्या कडेला लांब फट ठेवली आणि तिच्यातून खालची हवा पाठीवर सोडली तर तो सुटू पाहणारा थर चिकटून राहील. १९१८ साली त्याने पेटंट मागितले. कचेरीने ते नाकारले. फटीने पंखाचे बळ कमीच होईल, असे तिथल्या जाणत्यांचे मत. मग प्रांटल यांनी गटिंगेनच्या वायुबोगद्यात फटीच्या पंखाची चाचणी घेतली आणि बळ साठ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे आढळले. इंग्लंडात हँडली पेज यांनाही स्वतंत्रपणे हीच युक्ती सुचली होती. पुढे लाखमान त्यांच्याच कंपनीत नोकरीला गेला. मत एकीकडे आणि मोजमाप एकीकडे असा सामना झाला तर काय करावे, हे घाटगे ज्या घराण्यात शिकले त्या घराण्यात आधीच ठरून गेलेले होते.

ती फट पुढे टायगर मॉथ या दोन मजली पंखांच्या विमानाच्या वरच्या पंखाला बसली. टायगर मॉथ १९३१ साली प्रथम उडाले. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतून आणि युद्धकाळात हवाई दलाच्या शाळांतून वैमानिकांच्या एका सबंध पिढीने त्यावर हात बसवला. या विमानाची पुढची हकीकत आमच्या विषयाचा गाभाच आहे. विमान मुळात गिरकीतून झटकन सुटणारे होते. परंतु वर्षावर्षाला त्यात काही ना काही भर पडत गेली. कंप होऊ नये म्हणून पंखाच्या हलत्या झडपांना वजने लावली. युद्धात बॉम्ब टांगण्याची सोय झाली. प्रत्येक भर आपापल्या जागी शहाणपणाचीच होती. एकत्र बेरीज कोणी केली नव्हती. १९४१ च्या सुमारास तक्रारी येऊ लागल्या की, गिरकीतून विमान सुटता सुटत नाही. तेव्हा सरकारी तज्ज्ञांनी आणि वैमानिकांनी ते पुन्हा तपासायला घेतले. अखेर झडपांची वजने काढली आणि शेपटीच्या आडव्या पंखापुढे, धडाच्या दोन्ही अंगांना, एकेक अरुंद पट्टी बसवली. गिरकीत असताना शेपटीवरून वाहणाऱ्या हवेला या पट्ट्यांमुळे वळण मिळते आणि विमान वैमानिकाचे ऐकू लागते. संग्रहालयात टायगर मॉथ पाहायला मिळाले तर पंखांच्या रंगावर भाळण्याआधी मागे जाऊन त्या पट्ट्या आहेत का ते पाहा.

अशी चाचणी घेतात कशी? पहिला नियम असा की, एका उड्डाणात एकच बदल. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. दुसरा नियम, बदल करण्यापूर्वीचे मोजमाप हाताशी पाहिजे. विमान तोलायचे, त्याचा गुरुत्वमध्य कोठे येतो ते काढायचे, त्या दिवसाची उष्णता आणि हवेचा दाब टिपून ठेवायचा. वेग मोजायचा तर तीच वाट दोन्ही दिशांनी उडायची, म्हणजे वाऱ्याची लबाडी वजा होते. स्टॉल पाहायचा तर पंखाच्या पाठीवर लोकरीचे वीत-वीत तुकडे चिकटवतात. हवा नीट वाहते तेव्हा ते सगळे मागे निजलेले असतात. थर सुटू लागला की त्या जागचे धागे उभे राहून वळवळू लागतात. भोवरा डोळ्यांना दिसत नाही, पण लोकर चुगली करते. मग ज्या ठिकाणी पंख आधी थकावा असे वाटते, तेथे पुढच्या कडेला तिकोनी काठाची वीतभर पट्टी लावतात. पंख धडाजवळ आधी थकला आणि टोके शेवटपर्यंत जागी राहिली तर झडपा वैमानिकाच्या हातात राहतात; उलट झाले तर गिरकी. तेव्हा ही वीतभर पट्टी दोन बोटे इकडे की तिकडे, हा जिवाचा प्रश्न असतो. ती दर वेळी उतरवून, खुणा करून, पुन्हा बसवणारा फिटर वृत्तांतात क्वचितच दिसतो.

रंगाऱ्याचेही तसेच. जुन्या हलक्या विमानांना कापडाचे आवरण असे. ते शिवून, ताणून, वर डोप नावाचे रोगण फिरवत. हलत्या झडपेवर रोगणाचा एक हात जास्त बसला की तिचा तोल मागे जातो आणि वेगात ती फडफडू लागण्याची भीती असते. म्हणून रंग दिल्यावर झडप उतरवून पुन्हा तोलण्याची शिस्त आहे. ब्रशाचा एक हात आणि माणसाचा प्राण यांत एवढेच अंतर, हे रंगाऱ्याला ठाऊक असते. त्याचा पगार ठरवणाऱ्याला ते ठाऊक असतेच असे नाही, पण तो वाद आज नको.

येथे आमची एक आठवण सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. एका प्रेसच्या संरक्षक जाळीचे दोन बोल्ट ‘तूर्त’ म्हणून काढले होते, कारण नव्या मापाचा पत्रा आत जात नव्हता. कोणी काढले, कोणाच्या सांगण्यावरून काढले, कोठेच नोंद नाही. तीन महिन्यांनी त्या प्रेसवर एका पोराची दोन बोटे गेली. चौकशीत आम्ही कामगाराच्या बाजूने बसलो होतो. प्रत्येक जण सांगे की, मी आलो तेव्हा यंत्र असेच होते. विमानाच्या बाबतीत हे उत्तर चालत नाही. तेथे बदलाला लेखी मान्यता लागते, आणि बोल्ट बदलला तरी विमानाच्या नोंदवहीत परवानाधारक माणसाची सही लागते. त्या चौकशीच्या दिवसांत एका स्नेह्याने आम्हांला विमान-अपघातांच्या चौकशीचे जुने अहवाल वाचायला दिले, आणि तेव्हापासून हा नाद लागला.

असो. घाटगे परत आले तेव्हा या देशात विमान बांधण्याचा कारखानाच नव्हता. तो काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने, डिसेंबर १९४० मध्ये, बंगळूरला. त्यांचे वालचंदनगर आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात आहे. पुढे लौकरच युद्धाच्या निकडीने सरकारने हिंदुस्थान एअरक्राफ्टचा ताबा घेतला. घाटगे तेथे रुजू झाले, युद्धकाळात सैनिक वाहून नेणाऱ्या ग्लायडरचा आराखडा त्यांनी केला, आणि विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना शिकवलेही.

स्वातंत्र्यानंतर या कारखान्याने पर्सिव्हल प्रेंटिस हे इंग्रजी शिकाऊ विमान परवान्याने बांधायला घेतले. आमच्या मते आपल्या कामगारांची खरी शाळा हीच. प्रेंटिस १९४६ साली इंग्लंडात प्रथम उडाले आणि लगेच दुरुस्त्यांच्या चक्रात सापडले. गिरकीतले वागणे सुधारावे म्हणून शेपटी आणि सुकाणू पुन्हा पुन्हा बदलावे लागले. एवढे करून पंखांची टोके वर वळवली, तेव्हा कोठे ते मार्गी लागले. ती वर वळलेली टोके हीच पुढे प्रेंटिसची ओळख झाली. बंगळूरच्या पत्राकामगारांनी ही टोके तयार नकाशावरून ठोकली. आधीच्या साऱ्या चुका मात्र दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या खर्चाने झालेल्या होत्या. दुसऱ्याच्या चुकांचे फळ आयते मिळते तेव्हा ते स्वस्त पडते हे खरे. पण चूक शोधायची कशी, हे त्या नकाशात लिहिलेले नसते.

ते शिकण्याची वेळ एचटी-२ ने आणली. हे पहिले सर्वस्वी भारतीय आराखड्याचे यांत्रिक विमान. सबंध धातूचे, खाली पंख, शिष्य आणि गुरू एकामागे एक. ५ ऑगस्ट १९५१ रोजी कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम उडवले. पहिल्या नमुन्याचे इंजिन जिप्सी मेजर होते. १९५२ च्या फेब्रुवारीत दुसरा नमुना उडाला तो सिरस मेजर घेऊन, आणि पुढची विमाने त्याच इंजिनावर झाली. इंजिन बदलले की नाकाचे वजन बदलते, पंख्याचा झोत बदलतो, शेपटीवरचा वारा बदलतो. म्हणजे तोल, स्टॉल, गिरकी यांचे मोजमाप पुन्हा पहिल्यापासून. दीडशेहून अधिक एचटी-२ बांधली गेली आणि हवाई दलात नव्याने दाखल झालेल्या मुलांनी तीन दशकांहून अधिक काळ त्यांवर पहिले धडे घेतले.

यानंतर घाटगे लहान विमानांकडे वळले, आणि येथे आम्हांला त्यांचे विशेष कौतुक वाटते. २८ सप्टेंबर १९५८ रोजी ‘पुष्पक’ उडाले. वर पंख, खाली तिरक्या दांड्यांचा आधार, कापडी आवरण, ९० अश्वशक्तीचे इंजिन, शेजारी शेजारी दोन आसने. अमेरिकन एरोन्का विमानाच्या वळणाचे ते होते. त्याबद्दल कोणी नाक मुरडल्यास मुरडो. फ्लाइंग क्लबांना परवडेल असे विमान हवे होते आणि ते मिळाले. मग याच पुष्पकाला मोठे करून ‘कृषक’ निघाले. धडाची मागची बाजू रुंद केली, तिसऱ्या माणसाला जागा केली, इंजिन दुपटीहून बलवान बसवले. नोव्हेंबर १९५९ मध्ये पहिला नमुना उडाला, पुढच्या वर्षी दुसरा.

नाव शेतकऱ्याचे, आणि काम मात्र सैन्याचे लागले. तोफखान्याचा मारा कोठे पडतो हे वरून पाहण्यासाठी सैन्याकडे ऑस्टर नावाची हलकी इंग्रजी विमाने होती. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना शाळेशी या उड्डाणांचा जुना संबंध आहे. ऑस्टरच्या जागी कृषक घेण्याचे ठरले आणि १९६५ च्या सुमारास ते सैन्यात दाखल झाले. सत्तरच्या आसपास विमाने झाली आणि काही वर्षांनी त्यांची जागा हेलिकॉप्टरने घेतली.

अशा विमानाला फुटकळ मैदानावरून उठावे लागते, दरीत हळू उडावे लागते, म्हणजे स्टॉलच्या उंबरठ्यावर बसून काम करावे लागते. कॅनडात जंगले आणि सरोवरे यांच्या प्रदेशासाठी द हॅविलंडच्या तिथल्या शाखेने ‘बीव्हर’ केले, ते ऑगस्ट १९४७ मध्ये उडाले. ते आखण्याआधी कंपनीने रानावनात उडणाऱ्या वैमानिकांना पत्रे घालून विचारले होते की, तुम्हांला काय हवे. यंत्र वापरणाऱ्याला आधी विचारण्याची ही रीत आमच्या अनुभवात इतकी दुर्मिळ आहे की, आम्ही ती वाचली तेव्हा पान उलटून पुन्हा वाचली.

खऱ्या शेतकऱ्यासाठी विमान झाले ते पुढे: औषध फवारणीचे ‘बसंत’. त्याचा पहिला आराखडा समाधानकारक ठरला नाही. तो बाजूला ठेवून पुन्हा आखणी केली आणि सुधारलेले बसंत ३० मार्च १९७२ रोजी उडाले. चाळीसपर्यंत विमाने बांधली गेली. पहिला आराखडा फसला हे या कारखान्याच्या नावाला कमीपणा आणणारे आहे, असे आम्हांला मुळीच वाटत नाही. फसलेला आराखडा तसाच रेटला असता तर पिकावरून वीस-पंचवीस फुटांवर उडणाऱ्या वैमानिकाने त्याची किंमत दिली असती.

अशी किंमत दिली गेल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. एचटी-२ च्या जागी आलेले ‘दीपक’ हे शिकाऊ विमान १९७७ मध्ये प्रथम उडाले. हवेत इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी त्याच्याविषयी वर्षानुवर्षे होत राहिल्या, आणि इंजिन बंद पडल्यावर तरंगत मैदान गाठण्याइतके ते हलके नव्हते. दुरुस्त्या झाल्या, तक्रारी उरल्या. ३१ जुलै २००९ रोजी हैदराबादनजीक दोन अनुभवी शिक्षक त्यात मृत्युमुखी पडले, तेव्हा ती सारी विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. त्यानंतर आपल्या मुलांनी स्वित्झर्लंडच्या विमानावर पहिले धडे घेतले. घाटगे १९९१ साली वारले. हे त्यांना पाहावे लागले नाही.

आता अगदी अलीकडचे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘हंसा’ नावाचे दोन आसनी हलके विमान बऱ्याच वर्षांपूर्वी केले होते. त्यालाच नवे इंजिन आणि नवी उपकरणे बसवून सुधारलेले हंसा ३ सप्टेंबर २०२१ रोजी उडवले. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच. तेथली हवा विरळ, म्हणून पंख आणि इंजिन दोघेही किंचित वेगळे वागतात. आपल्या मावळातही समुद्राकाठच्या मुंबईहून हवा विरळच. तेव्हा बंगळूरचे आकडे सर्वत्र चालतील असे गृहीत न धरता १९ फेब्रुवारी २०२२ रोजी वैमानिकांनी ते विमान दीड तासात पुदुच्चेरीला, समुद्राच्या पातळीवर नेले. चढण, उतरता उतरता पुन्हा उठणे, हाताळणी, सांगाड्यावर पडणारा ताण, सारे काही तेथे पुन्हा मोजले. अठरा तासांची उड्डाणे पुरी झाली आणि ५ मार्चला ते बंगळूरला परत आले. मे महिन्यात ते चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेच्या चाचणी मैदानावर गेले. तेथे सात-आठ हजार फुटांवर वैमानिकांनी इंजिन मुद्दाम बंद केले, पंखा थांबू दिला, आणि ते पुन्हा सुरू करून पाहिले.